स्लाइडवर रंगीत कोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकवणारे, तांत्रिक भाषणं देणारे आणि "उद्या सकाळी डेमो आहे" असं रात्री साडेअकराला कळवणारे, सगळ्यांकडून कोड एडिटरमधल्या रंगांसकट स्लाइडवर कसा आणायचा, याबद्दल फिरून फिरून हेच प्रश्न येतात. म्हणून एकदाचे लिहून ठेवले. घाई असेल तर २, ५ आणि ८ एवढेच वाचा, बाकीचे अडलं की वाचता येतील.

१. एडिटरचा स्क्रीनशॉट घेऊन टाकला तर काय बिघडलं?

घाईत काहीच बिघडत नाही, मीही टाकतो. त्रास नंतर सुरू होतो. एका व्हेरिएबलचं नाव बदललं की स्क्रीनशॉट पुन्हा काढा. चित्र ओढून मोठं केलं की अक्षरांच्या कडा फुटतात. बघणाऱ्याला कोड कॉपी करता येत नाही, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो वाचता येत नाही. आणि सहा महिन्यांनी तीच स्लाइड उघडली की मूळ फाइल कुठली होती, हे तुमच्याच लक्षात नसतं.

तरीही चित्रच टाकायचं असेल, तर आधी एडिटरमध्ये अक्षरं भरपूर मोठी करा, बाजूचे पॅनेल आणि मिनीमॅप बंद करा, मग स्क्रीनशॉट घ्या. फाइल पीएनजी ठेवा. जेपीईजीमध्ये अक्षरांभोवती मळकट डाग पडतात आणि रंगीत अक्षरांभोवती ते जास्तच दिसतात. पॉवरपॉइंट सेव्ह करताना चित्रं दाबून लहान करतं. ते थांबवायला ऑप्शन्स › अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये 'डू नॉट कम्प्रेस इमेजेस इन फाइल' वर खूण करा. चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारा मजकूर, द्यायला विसरू नका.

कार्बन, रे डॉट एसओ यांसारखी संकेतस्थळंही शेवटी चित्रच देतात. दिसायला ती सुरेख, पण भोवतीची रंगीत चौकट आणि वरचे तीन गोल ठिपके मिळून स्लाइडची बरीच जागा खातात. ती सजावट बंद करता येते, करा. कंपनीचा कोड मात्र कुठल्याही संकेतस्थळावर पेस्ट करण्याआधी तशी परवानगी आहे का, ते बघा.

२. एडिटरमधून कॉपी केलं की कधी रंग येतात, कधी येत नाहीत. असं का?

कॉपी करताना एडिटर क्लिपबोर्डवर एकाच मजकुराच्या दोन-तीन प्रती ठेवतो: एक साधी, एक एचटीएमएलमधली, काही एडिटर आरटीएफ या रंग-फॉन्ट जपणाऱ्या फाइल-प्रकारातलीही. यातली कुठली उचलायची, हे पेस्ट करून घेणारा प्रोग्रॅम ठरवतो. त्याने साधी उचलली की रंग गेले.

व्हीएस कोड मुळातच रंगांसकट कॉपी करतो. तुमच्याकडे तसं होत नसेल, तर सेटिंग्जमध्ये 'कॉपी विथ सिंटॅक्स हायलायटिंग' शोधा, कोणीतरी ते बंद केलेलं असेल. इंटेलिजे आणि त्याच्या भावंडांत 'कॉपी अ‍ॅज रिच टेक्स्ट' आहे. नोटपॅड++ मध्ये एनपीपी-एक्स्पोर्ट प्लगइनमधून आरटीएफ थेट क्लिपबोर्डवर जातं.

उरलेला अर्धा भाग पॉवरपॉइंटचा. पेस्ट केल्यावर कोपऱ्यात छोटी पेटी दिसते, तीत 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' निवडा. नाहीतर स्लाइडच्या थीमचे रंग आणि फॉन्ट कोडवर चढतात. आणि हाताला कंट्रोल-शिफ्ट-व्ही ची सवय असेल तर ती इथे सोडा, त्याने साधी प्रतच येते.

३. रंग आले, पण अर्धी अक्षरं दिसतच नाहीत.

एडिटरची थीम काळी, स्लाइड पांढरी. अक्षरांचे फिके रंग आले आणि काळी पार्श्वभूमी मागेच राहिली. कधी उलटंही होतं: पार्श्वभूमी प्रत्येक ओळीमागे काळ्या पट्टीसारखी येते आणि पट्ट्यांची लांबी ओळीगणिक वेगळी. दोन्हीवर इलाज एकच. कॉपी करण्याआधी एडिटरची थीम पांढरी करा, कारण कॉपी करताना चालू थीमचेच रंग जातात. स्लाइड काळी असेल तर काळ्या थीममधून कॉपी करा आणि टेक्स्ट बॉक्सला तोच पार्श्वरंग भरा.

४. वीस फाइली आहेत. प्रत्येक हाताने कॉपी-पेस्ट करत बसू का?

नको. पिगमेंट्स ही पायथॉनची लायब्ररी २००६ पासून आहे आणि शेकडो भाषा ओळखते. तिच्यासोबत येणारी पिगमेंटाइझ ही कमांड एचटीएमएल, आरटीएफ, एसव्हीजी, पीएनजी असं हवं ते काढून देते. स्लाइडसाठी आरटीएफ सोयीचं: फाइल वर्डमध्ये उघडा, कॉपी करा, स्लाइडवर पेस्ट करा. मॅकवर ती मधली पायरीही वाचते. आरटीएफ पाइपने पीबीकॉपी या कमांडला दिलं की ते रंगांसकट क्लिपबोर्डवर बसतं.

एक खाच आहे. पिगमेंट्सच्या आरटीएफमध्ये फॉन्टचा आकार अर्ध्या पॉइंटांत सांगायचा असतो. २४ पॉइंट हवे असतील तर ४८ लिहा. "मी सांगितलं त्याच्या निम्मंच येतंय" अशी तक्रार आली की मला पुढचं ऐकावंच लागत नाही.

हायलाइट नावाचा वेगळा प्रोग्रॅमही हेच काम करतो. तुमच्याकडे जो आधीपासून असेल तो वापरा.

५. अक्षरं किती मोठी हवीत?

पॉइंटांतला आकडा एकट्याने काही सांगत नाही, कारण स्लाइडचा कागद प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळ्या मापाचा असतो. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ × ७.५ इंच, म्हणजे उंची ५४० पॉइंट. गूगल स्लाइड्सची १० × ५.६२५ इंच, उंची ४०५ पॉइंट. बीमरची (लाटेक या मजकूर-जुळणीच्या प्रणालीतलं स्लाइड्सचं पॅकेज) १६:९ स्लाइड तर फक्त १६० × ९० मिलिमीटर, उंची साधारण २५५ पॉइंट. म्हणून पॉवरपॉइंटमधले २४, गूगलमधले १८ आणि बीमरमधले ११ पॉइंट पडद्यावर जवळपास एकाच मापाचे दिसतात. तिन्ही ठिकाणी अक्षराचा आकार स्लाइडच्या उंचीच्या बाविसाव्या-तेविसाव्या भागाइतका होतो. कोडसाठी मी याच्या खाली जात नाही.

आता यात किती कोड मावतो ते बघा. पॉवरपॉइंटमध्ये २४ पॉइंटला एक ओळ साधारण २९ पॉइंट उंच होते. शीर्षक आणि समास सोडले की १४ ओळी उरतात. कुरियर न्यू सारख्या फॉन्टचं प्रत्येक अक्षर आकाराच्या ०.६ पट रुंद, म्हणजे १४.४ पॉइंट. दोन्हीकडे थोडी जागा सोडून ६० अक्षरांची ओळ बसते. १४ ओळी, ६० अक्षरं. हे माप एडिटरच्या शेजारी चिकटवून ठेवा. व्हीएस कोडमध्ये साठाव्या अक्षरावर उभी रेघ दाखवणारी 'रूलर्स' सेटिंग आहे, ती लावली की लिहितानाच कळतं.

खोली आधी बघता आली तर आणखी बरं. समजा, पडद्याची उंची दीड मीटर आणि शेवटची रांग बारा मीटरवर, म्हणजे उंचीच्या आठपट लांब. १४ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण १७ सेंटिमीटर उंच असतो, त्याची आठपट म्हणजे १.४ मीटर. स्लाइड फुल स्क्रीन करा, दीड मीटर मागे सरका आणि वाचा. तुम्हाला जे वाचता येत नाही, ते शेवटच्या रांगेलाही येणार नाही.

६. माझं फंक्शन चाळीस ओळींचं आहे. फॉन्ट १२ केला तर बसेल ना?

बसेल, वाचणार कोणी नाही. चाळीस ओळींतल्या कोणत्या सहा ओळींबद्दल तुम्ही बोलणार आहात, ते आधी ठरवा. इम्पोर्ट्स, लॉगिंग, चुका हाताळणारा भाग, गेटर-सेटर, हे सगळं काढून तिथे तीन टिंबांची कॉमेंट ठेवा. काढलंय हे दिसलं पाहिजे, नाहीतर कोणीतरी हात वर करून "इथे नल चेक नाही" म्हणणारच.

लांब ओळी स्वतः तोडा, पॉवरपॉइंटला तोडू देऊ नका. आपोआप तुटलेली ओळ डाव्या समासाला चिकटते आणि पायथॉनमध्ये तर अर्थच बदलल्यासारखा दिसतो. सगळं फंक्शन दाखवणं खरंच गरजेचं असेल तर प्रश्न १६ बघा, किंवा स्लाइड सोडून सरळ एडिटर उघडा (प्रश्न २३).

७. कोडसाठी कोणता फॉन्ट?

ज्यात सगळी अक्षरं समान रुंदीची आहेत आणि शून्य व ओ, एक व स्मॉल एल वेगळे ओळखू येतात असा कोणताही. कन्सोलास, मेनलो, सोर्स कोड प्रो, जेटब्रेन्स मोनो यांपैकी काहीही चालेल. कुरियर न्यू सगळीकडे सापडतो, पण त्याच्या रेघा फार बारीक, प्रोजेक्टरवर विरघळतात. वापरायचाच तर ठळक करा.

फिरा कोडसारख्या फॉन्टमध्ये `!=` किंवा `=>` ही चिन्हं जोडून एकच चिन्ह दिसतं. स्वतःच्या एडिटरमध्ये खुशाल ठेवा. शिकणाऱ्यांसमोर मात्र बंद करा, कारण त्यांना ते चिन्ह कीबोर्डवर सापडत नाही.

८. काळी थीम की पांढरी?

खोलीत उजेड असेल, किंवा असेल की नाही हे माहीत नसेल, तर पांढरी.

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. जिथे काळं हवं तिथे तो फक्त प्रकाश देत नाही, आणि पडदा जेवढा मुळात उजळलेला असेल तेवढाच दिसतो. दिवे लावलेल्या खोलीत तो 'काळा' म्हणजे राखाडी. त्यावरच्या राखाडी कॉमेंट्स आणि गडद निळे कीवर्ड्स मग कुठे दिसणार? एकदा मोठ्या खिडक्यांच्या सभागृहात मी काळ्या थीमच्या स्लाइड्स घेऊन गेलो होतो. पडदे ओढलेले नव्हते. सगळा मुद्दा एका कॉमेंटमध्ये होता आणि ती कॉमेंट फक्त माझ्या लॅपटॉपवर दिसत होती. तेव्हापासून पांढरी.

मोठ्या एलईडी पडद्यावर किंवा ऑनलाइन बैठकीत काळी थीम छान दिसते, तिथे हरकत नाही.

थीम कुठलीही असो, रंगांमधला फरक मोजून घ्या. वेबवरच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी ४.५ : १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ : १ असं किमान प्रमाण दिलंय. २०११ पासून लोकांच्या आवडीची असलेली सोलराइज्ड थीम घ्या: तिच्या पांढऱ्या अवतारात मुख्य मजकूर ४.१ च्या आसपास आणि कॉमेंट्स २.५ च्या आसपास येतात. तास न् तास बघायला ती डोळ्यांना सुखद आहे, पण पडद्यावर फेकायला नाही. आणि 'जुनं लाल, नवं हिरवं' एवढ्याच खुणेवर कधी विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक तुमच्या श्रोत्यांतही असतात. ओळीच्या सुरुवातीला + आणि − ही चिन्हं ठेवा.

९. अवतरण चिन्हं वाकडी होतात, दोन डॅशांचा एक होतो, खाली लाल नागमोडी रेघा येतात. हे कसं थांबवायचं?

पॉवरपॉइंटला तुम्ही पत्र लिहिताय असं वाटतं. फाइल › ऑप्शन्स › प्रूफिंग › ऑटोकरेक्ट ऑप्शन्स मध्ये जाऊन 'अ‍ॅज यू टाइप' च्या पानावर सरळ-वाकड्या अवतरणांची आणि डॅशची खूण काढा. शेजारच्या पानावर वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणारी खूण आहे, तीही काढा. अ‍ॅपलच्या कीनोटमध्ये हे सगळं एडिट › सब्स्टिट्यूशन्स खाली सापडेल, गूगल स्लाइड्समध्ये टूल्स › प्रेफरन्सेस खाली. लाल रेघांसाठी टेक्स्ट बॉक्स निवडून रिव्ह्यू › लँग्वेज मध्ये 'डू नॉट चेक स्पेलिंग' करा.

हे बदल टाइप करताना होतात, पेस्ट करताना नाही. म्हणजे पेस्ट केलेला कोड शाबूत असतो आणि स्लाइडवरच "जरा एक अक्षर बदलतो" म्हणून बसलात की बिघडतो. शिवाय नव्याने टाइप केलेल्या शब्दाला योग्य रंगही येत नाही. म्हणून दुरुस्ती फाइलमध्ये करा, आणि फाइलमधून पुन्हा पेस्ट करा.

१०. इंडेंटेशन विस्कटतं.

बहुतेक वेळा दोष टॅबचा. एडिटरमध्ये टॅब चार जागांचा दिसतो, स्लाइडवर तो एकदम इंचभर उडी मारतो. कॉपी करण्याआधी टॅबच्या जागा करून घ्या. व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमध्ये 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' आहे. स्लाइडसाठी दोन जागा पुरतात, चारमुळे साठ अक्षरांतली (प्रश्न ५) बरीच वाया जातात.

दुसरं कारण: कोड मजकुराच्या तयार चौकटीत पेस्ट केलेला असतो. ती चौकट बुलेट्ससाठी बनवलेली असते. कोडसाठी नेहमी वेगळा टेक्स्ट बॉक्स घाला. आणि त्याच्या 'फॉरमॅट शेप' मध्ये 'डू नॉट ऑटोफिट' करा, नाहीतर एका स्लाइडवरचा कोड २४ पॉइंट आणि पुढच्या स्लाइडवरचा १९.

११. गूगल स्लाइड्समध्ये काही वेगळं करायचं का?

व्हीएस कोडमधून साध्या कंट्रोल-व्ही ने रंगांसकट येतं, पार्श्वभूमी मात्र पट्ट्यांच्या रूपात येते (प्रश्न ३). कोड रंगवणारी अ‍ॅड-ऑन्स मिळतात. घेण्याआधी ते तुमच्या कुठल्या फाइली बघायची परवानगी मागतंय, ते वाचा. फॉन्टच्या यादीत 'मोअर फॉन्ट्स' मधून मोनोस्पेस निवडून घ्या.

१२. लिबरऑफिस इम्प्रेस?

कोड हायलायटर २ नावाचं एक्स्टेंशन आहे, आतून पिगमेंट्सच वापरतं. निवडलेल्या टेक्स्ट बॉक्सला तिथल्या तिथे रंग देतं.

१३. बीमरमध्ये कोड टाकला की विचित्र एरर येते.

फ्रेमला फ्रॅजाइल हा पर्याय दिलेला नाही. शंभरातल्या नव्वद पत्रांचं उत्तर एवढंच असतं, पण कारणही सांगतो. बीमर फ्रेममधला सगळा मजकूर आधी एका घासात गिळतो आणि मग छापतो. गिळतानाच टेक (लाटेकच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम) त्यातल्या टक्के, बॅकस्लॅश, महिरपी कंसांचा अर्थ लावून मोकळा होतो. मग "हे जसंच्या तसं छाप" असं सांगून उपयोग नसतो, वेळ गेलेली असते. फ्रॅजाइल दिलं की बीमर तो मजकूर आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो आणि तिथून नव्याने वाचतो.

फ्रॅजाइल देऊनही एरर येत असेल तर फ्रेम संपवणारी ओळ बघा. ती ओळ एकटी हवी, तिच्या पुढे-मागे काही नको.

१४. लिस्टिंग्ज की मिंटेड?

लाटेकमध्ये कोड रंगवायची ही दोन पॅकेजं. लिस्टिंग्ज पूर्णपणे टेकमध्येच चालतं, बाहेरचं काही लागत नाही. पण त्याला भाषेची जाण जेमतेम: कीवर्ड्सची यादी, स्ट्रिंग आणि कॉमेंट एवढंच. मिंटेड पिगमेंट्सला बोलावतं, त्यामुळे रंग बारकाईने येतात. त्यासाठी मशीनवर पायथॉन हवा, आणि जुन्या दुसऱ्या आवृत्तीला शेल-एस्केप चालू करावं लागतं, म्हणजे तुमच्या दस्तऐवजाला मशीनवर कमांड चालवायची मुभा. २०२४ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत अद्ययावत टेक असेल तर ते लागत नाही. मी मिंटेड वापरतो. दुसऱ्या कोणाच्या मशीनवर फाइल चालवायची असेल तर लिस्टिंग्ज.

दोन्हींत कोड थेट बाहेरच्या फाइलमधून ओढता येतो, कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत तेही सांगता येतं. हे जरूर करा. ज्या फाइलवर चाचण्या चालतात तीच स्लाइडवर दिसते. फक्त फाइलच्या डोक्यावर कोणी दोन ओळी वाढवल्या की सगळे आकडे सरकतात, हे लक्षात असू द्या.

१५. ब्राउझरमधल्या स्लाइड्स करायच्या असतील तर काय घ्यावं?

मार्कडाउनमध्ये पटकन करायच्या असतील तर मार्प. खूप काही हवं असेल तर रिव्हील जेएस, हे कोड रंगवायला हायलाइट जेएस वापरतं. स्लायडेव्ह शिकी वापरतं, आणि शिकीकडे व्हीएस कोडसारखीच टेक्स्टमेट व्याकरणं (कोडमधलं काय कुठल्या प्रकारचं, हे सांगणारे नियम) असल्याने रंग एडिटरसारखेच येतात. वही-स्वरूपातला कोड आणि त्याचं आउटपुट एकत्र हवं असेल तर क्वार्टो.

रिव्हीलमध्ये एचटीएमएल हाताने लिहीत असाल तर कोडमधलं `<` आणि `&` सांभाळा. जेनेरिक्सचा `<` ब्राउझरला टॅगची सुरुवात वाटतो आणि पुढचे शब्द गायब होतात.

१६. बोलताना एकेक भाग उजळत न्यायचा आहे.

रिव्हीलमध्ये कोडच्या टॅगवर ओळींचे आकडे उभ्या दांडीने वेगळे करून द्या. प्रत्येक क्लिकला पुढचा गट उजळतो, बाकीचे मंद होतात. स्लायडेव्ह आणि क्वार्टोमध्येही जवळपास हीच पद्धत.

पॉवरपॉइंटमध्ये लोक ओळीवर पिवळा पारदर्शक चौकोन ठेवतात. मला ते आवडत नाही: पिवळ्याखाली रंग मळतात आणि फॉन्ट जरा हलला की चौकोन भलत्याच ओळीवर बसतो. त्यापेक्षा स्लाइडची नक्कल करा आणि ज्या ओळींबद्दल बोलायचं नाही त्या फिक्या राखाडी करा. तीन टप्पे, तीन स्लाइड्स. पीडीएफमध्येही तसंच टिकतं. मात्र कोड आधी पक्का करा, मग नकला काढा. पाच नकलांनंतर सापडलेली एक चूक पाच ठिकाणी दुरुस्त करावी लागते.

१७. 'आधी' आणि 'नंतर' चा कोड एकातून दुसऱ्यात सरकताना दाखवता येतो का?

येतो. पॉवरपॉइंटचं मॉर्फ, कीनोटचं मॅजिक मूव्ह, रिव्हीलचं ऑटो-अ‍ॅनिमेट. मॉर्फच्या इफेक्ट ऑप्शन्समध्ये 'वर्ड्स' निवडलं की शब्द आपापल्या नव्या जागी जातात. दोन स्लाइड्सवरचे बॉक्स एकच आहेत हे मॉर्फला ओळखू येत नसेल, तर सिलेक्शन पेनमध्ये दोघांना एकच नाव द्या आणि नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं घाला. 'कॅरेक्टर्स' निवडू नका. अक्षरं पाखरांसारखी उडतात आणि लोक कोड सोडून तेच बघतात.

१८. दुसऱ्या लॅपटॉपवर फॉन्ट बदलला आणि सगळं विस्कटलं.

तो फॉन्ट तिथे नव्हता. फाइल › ऑप्शन्स › सेव्ह मध्ये 'एम्बेड फॉन्ट्स' करा. काही फॉन्टांचा परवाना एम्बेड करू देत नाही. पेन ड्राइव्हवर पीडीएफ प्रत असू द्या, त्यात फॉन्ट आत असतो. ब्राउझरच्या स्लाइड्सची पीडीएफ काढताना प्रिंटच्या पेटीत 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' चालू करा, नाहीतर काळ्या थीमचं पुन्हा प्रश्न ३ होईल.

१९. कोडमध्ये मराठी कॉमेंट्स आहेत. त्या मोडतात किंवा चौकोन दिसतात.

कोडच्या फॉन्टांमध्ये देवनागरी सहसा नसते, म्हणून प्रोग्रॅम दुसऱ्याच फॉन्टमधून अक्षरं आणतो. कधी तो बरा असतो, कधी ओळीची उंची बदलून टाकतो. कॉमेंट निवडून तिला स्वतः नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट द्या, आकार कोडपेक्षा थोडा कमी ठेवा. ओळीच्या शेवटी कॉमेंट्स एकाखाली एक जुळवत बसू नका. जोडाक्षरं आणि मात्रांमुळे देवनागरीची रुंदी एकसारखी नसते, ते जुळणारच नाही. कॉमेंट कोडच्या वरच्या ओळीत लिहा.

बीमरमध्ये पीडीएफलाटेक सोडून झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या. लुआलाटेकमध्ये फॉन्ट निवडताना रेंडरर (अक्षरं जोडून मांडणारा भाग) हार्फबझ सांगा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. लिस्टिंग्जशी या बाबतीत भांडू नका, मिंटेड घ्या.

२०. रंग येतात, पण चुकीचे.

भाषा सांगितली नसेल तर आधी ती सांगा. हायलाइट जेएस भाषा ओळखायचा प्रयत्न करतं, पण चार ओळींच्या तुकड्यावरून अंदाज सहज चुकतो.

भाषा सांगूनही चुकत असेल, तर तुकडा मधूनच कापलेला असतो. तिहेरी अवतरणांतली स्ट्रिंग जिथे सुरू झाली ती ओळ तुम्ही काढली, शेवटची ठेवली. आता रंगवणाऱ्याला शेवट हीच सुरुवात वाटते आणि पुढचा सगळा कोड स्ट्रिंगच्या रंगात न्हाऊन निघतो. पीएचपीची गंमत निराळी. सुरुवातीचा `<?` वाला टॅग नसेल तर पिगमेंट्स त्या मजकुराला पीएचपी मानतच नाही आणि काहीच रंगवत नाही. त्यासाठी 'स्टार्टइनलाइन' नावाचा पर्याय आहे. तुमची भाषा यादीतच नसेल तर दिसायला जवळची निवडा. स्यूडोकोडला पायथॉन बरा पडतो. आणि प्रश्न ६ मधली तीन टिंबं त्या भाषेच्या कॉमेंटमध्येच ठेवा, म्हणजे तीही बिघडवणार नाहीत.

२१. श्रोत्यांनी स्लाइडवरून कोड कॉपी केला, तर चालत नाही.

न दिसणारी अक्षरं. रंगीत मजकूर एचटीएमएलमधून येताना सुरुवातीच्या साध्या जागांच्या नॉन-ब्रेकिंग स्पेस होऊ शकतात. दिसायला सारख्याच, पण पायथॉन त्यांना अवैध अक्षर म्हणून नाकारतो. पॉवरपॉइंटमध्ये शिफ्ट-एंटरने तोडलेल्या ओळीतही नेहमीचं ओळतोड-चिन्ह नसतं, तिथे उभा टॅब असतो. त्यात प्रश्न ९ मधली वाकडी अवतरणं मिसळली की झालंच. स्लाइडच्या मजकुरावर भिस्त ठेवू नका. कोडची फाइल वेगळी द्या आणि शेवटच्या स्लाइडवर तिचा पत्ता टाका.

२२. स्क्रीनशॉटमध्ये पासवर्ड होता, तो मी क्रॉप केला. आता फाइल पाठवू ना?

थांबा. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप म्हणजे फक्त झाकणं. कापलेला भाग फाइलमध्येच असतो, समोरच्याने क्रॉपच्या कडा ओढल्या की पुन्हा दिसतो. चित्र निवडून 'कम्प्रेस पिक्चर्स' मध्ये 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' करा. वर काळा चौकोन ठेवला असेल तर तोही उचलता येतो. सर्वांत बरं म्हणजे मूळ फाइलमध्ये खोटा पासवर्ड लिहून नवा स्क्रीनशॉट घ्या. आणि ही फाइल आधीच कुणाकडे गेली असेल, तर तो पासवर्ड आज बदला.

२३. एवढं सगळं करण्यापेक्षा लाइव्ह कोडिंग केलं तर?

करा, पण अक्षरांचं माप तेच (प्रश्न ५). एडिटर झूम करा, पॅनेल बंद करा, सूचना बंद करा. टर्मिनलचं आउटपुट दाखवायचं असेल तर अ‍ॅस्किनेमाने आधी रेकॉर्ड करून ठेवा. ते चित्रफीत न बनवता मजकूरच साठवतं, त्यामुळे कितीही मोठं केलं तरी कडा फुटत नाहीत, आणि मध्ये थांबवून ओळ कॉपीही करता येते. प्रत्येक टप्प्याचा तयार कोड गिटच्या वेगळ्या टॅगवर ठेवा. हात थरथरून काहीतरी तुटलं, की पुढच्या टॅगवर जाऊन बोलणं चालू ठेवता येतं.